डेन्मार्कमध्ये आरोग्यसेवेसाठी प्रादेशिक सरकारे एकत्र का केली गेली?

1 जानेवारी 2007 रोजी डेन्मार्कने जुने जिल्हे मोडीत काढून पाच प्रदेश निर्माण केले आणि रुग्णालये चालवणे हेच त्यांचे मुख्य काम ठरवले. मात्र कर लावण्याचा जिल्ह्यांना असलेला अधिकार या प्रदेशांना दिला नाही. माझ्या मते खरी मेख इथेच आहे, कारण रुग्णालय प्रदेशाचे असले तरी तिजोरीची किल्ली मुख्यतः केंद्राकडेच राहिली. तरीही डॉक्टर राजधानी कोपनहेगनभोवतीच एकवटले आणि झीलंड प्रदेशातील लोलँडसारख्या दूरच्या बेटावर त्यांची चणचण भासत राहिली. म्हणूनच राजधानी प्रदेश व झीलंड प्रदेश 2027 च्या आरंभापासून ‘पूर्व डेन्मार्क’ या एकाच प्रदेशात विलीन करण्याचे ठरले, जेणेकरून डॉक्टरांची वाटणी एकाच प्रशासनाला करता यावी.