कर्मिटच्या सिनेमावरची मतं वाचताना

प्रिय पोरी,

तुझा लेख मिळाला. नाताळच्या सुट्टीत घरादाराने एकत्र बसून बघायचा, टीव्हीसाठी काढलेला बाहुल्यांचा सिनेमा आणि त्यावर प्रेक्षकांनी गेल्या वीसेक वर्षांत मांडलेली मतं, हा विषय तू निवडलास याचं मला कौतुक वाटलं. असल्या सिनेमांकडे समीक्षक मंडळी सहसा ढुंकूनही बघत नाहीत. त्यांच्याविषयी जे काही बोललं जातं ते प्रेक्षकच बोलतात, आणि ते नीट वाचणारं कुणीतरी हवं.

पण लेख अजून छापण्याजोगा झालेला नाही. तू केलीस ती मतमोजणी. इतक्यांना आवडला, इतक्यांनी नाकं मुरडली, कुणी पाच तारे दिले, कुणी एक, एकूणात सिनेमा ठीकठाक. मी नोकरीतली बरीच वर्षं एका दैनिकाच्या पुरवणीत वाचकांची पत्रं निवडण्यात घालवली. ते काम करताना एक गोष्ट लवकर ध्यानात येते. पत्र लिहिणारा माणूस सिनेमाबद्दल जेवढं लिहितो त्याहून जास्त तो सिनेमा आपण कुठे बसून बघितला याबद्दल लिहीत असतो. शेजारी कोण होतं, आपलं वय काय होतं, कुठल्या अपेक्षेने टीव्ही लावला होता. हे तो सांगत नाही, ते ओळीओळींतून सांडत असतं. तारे मोजले की नेमकं तेवढंच हातातून निसटतं.

आधी सिनेमाबद्दल. ‘इट्स अ व्हेरी मेरी मपेट ख्रिसमस मूव्ही’ची गोष्ट तू दोन ओळींत उरकलीस. आपल्या वाचकाला मपेट नावाच्या या अमेरिकन बाहुल्या म्हणजे ‘गली गली सिम सिम’ची भावंडं एवढंच बहुधा ठाऊक असतं, तेव्हा जरा दमाने सांग. कर्मिट बेडूक आणि त्याच्या मंडळींचं नाटकघर कर्जात आहे. जोन क्युसॅकने रंगवलेली बँकवाली बाई पैसे भरायची मुदत मध्यरात्रीवरून संध्याकाळी सहावर आणते. फॉझी अस्वल पैसे घेऊन धावत सुटतं, वाटेत शंभर भानगडी होतात, पिशवीची अदलाबदल होते आणि बँकेत उघडून बघावं तर पैसेच नाहीत. खचलेला कर्मिट म्हणतो, मी जन्मालाच आलो नसतो तर बरं झालं असतं. मग देवदूत त्याला तसं जग दाखवतो. ही सगळी १९४६च्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ची नक्कल आहे आणि अमेरिकन प्रेक्षकाला ती पहिल्या पाच मिनिटांत कळते. तो जुना सिनेमा तिकडे दर नाताळाला टीव्हीवर लागतो. तेव्हा ‘कथा चोरलेली आहे’ असं म्हणणाऱ्याचं मत तू गंभीर आक्षेप म्हणून मांडलंस ते काढून टाक. त्याला विनोद पोचलेला नाही, एवढंच.

हा सिनेमा एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर २९ नोव्हेंबर २००२ला दाखवला. तो थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीचा शुक्रवार होता. ही तारीख तू दिली नाहीस आणि तिथेच लेखाची मेख आहे. थँक्सगिव्हिंगला तिकडे माणसं दूरदूरहून आईवडिलांच्या घरी जमतात. म्हणजे त्या संध्याकाळी एकाच सोफ्यावर आजी, तिशीतला मुलगा आणि सहा वर्षांची नात. तिशीतल्या मुलाने १९७६ ते १९८१ या काळातला ‘द मपेट शो’ लहानपणी बघितलेला. त्याला आपलं लहानपण परत हवंय. नातीला रंगीत बाहुल्या हव्यात. आणि समोर काय येतं, तर कर्मिट नसलेल्या जगात त्याच्या मंडळींतला बिचारा स्कूटर क्लबमध्ये पिंजऱ्यात नाचतोय!

आता तुला मिळालेली रागावलेली मतं पुन्हा वाच. ‘हा मुलांचा सिनेमा आहे की काय?’ असं विचारणारी आई सिनेमाची समीक्षा करतच नाहीये. शेजारी बसलेल्या पोरीने ‘तो पिंजऱ्यात का आहे?’ असं विचारल्यावर काय उत्तर द्यावं हे तिला सुचलेलं नाही. तो राग खरा आहे आणि त्याला जागा दे. पण तिच्याच पुढे कुणीतरी लिहितं की मपेट पूर्वी किती निरागस होते. इथे मात्र तू मान डोलावून पुढे जाऊ नकोस. ‘द मपेट शो’ सुरू होण्याआधी १९७५ साली नमुन्यादाखल जो भाग काढला होता त्याच्या नावातच ‘सेक्स अँड व्हायोलन्स’ हे शब्द होते. थट्टेने ठेवलेलं नाव होतं, पण त्यामागे हेतू होता. मपेटचा जनक जिम हेन्सन, त्याला आपल्या बाहुल्या फक्त बालवर्गापुरत्या राहायला नको होत्या. म्हणजे पूर्वीच्या निरागसपणाची जी आठवण लोक सांगतात, ती बरीचशी त्यांच्या स्वतःच्या वयाची आहे. आठ वर्षांच्या मुलाला डोक्यावरून गेलेले विनोद आठवत नाहीत, अडतिसाव्या वर्षी तेच कानाला टोचतात.

दुसरी तक्रार शिळेपणाची, आणि ती मला पटते. सिनेमात ‘मुलँ रूज’ या सिनेमाची टर उडवली आहे, ‘फिअर फॅक्टर’ आहे, मिस पिगी ही डुकरीण ‘स्क्रब्ज’च्या सेटवर जाऊन धडकते. त्यातले ‘स्क्रब्ज’ आणि ‘फिअर फॅक्टर’ हे दोन्ही कार्यक्रम एनबीसीचेच. म्हणजे सिनेमाच्या मधोमध वाहिनीने स्वतःचीच जाहिरात करून घेतली. २००२मध्ये ज्याने बघितलं त्याला ते ओळखीचं वाटून हसू आलं असेल. आज बघणाऱ्या कॉलेजच्या मुलाला काहीच संदर्भ लागत नाही. या दोघांची मतं तू एकाच रांगेत लावलीस आणि त्यांची सरासरी काढलीस. प्रत्येक मताला साल असतं. ते आधी बघ, मग मत वाच.

आता ज्या भागावर तू जवळजवळ काहीच लिहिलं नाहीस आणि ज्यावर मी सगळ्यात जास्त जागा दिली असती, त्याकडे येतो. ‘कर्मिट आता तो कर्मिट राहिला नाही’ असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. तू ते स्मरणरंजन म्हणून बाजूला सारलंस. पण त्यात दम आहे. कर्मिट हेन्सन स्वतः चालवायचा, आणि १९९०मध्ये तो गेला. त्यानंतर कर्मिट स्टीव्ह व्हिटमायरच्या हातात आला आणि २०१६पर्यंत तिथेच होता. मिस पिगी आणि फॉझी ही फ्रँक ऑझची पात्रं. त्याने हात काढून घेतल्यावर ती एरिक जेकबसनकडे गेली, आणि या सिनेमात तो ती अगदी नव्याने पेलत होता. म्हणजे त्या संध्याकाळी पडद्यावरची तिन्ही मुख्य पात्रं मूळ हातांत नव्हती.

हात म्हणजे काय ते वाचकाला नीट दाखव. कर्मिटच्या चेहऱ्यात भरताड नसल्यातच जमा. मऊ कापड आणि आत कलाकाराचा उजवा हात. त्याला पापण्या नाहीत, भुवया नाहीत. त्याला वाईट वाटलं, तो चिडला, तो ओशाळला, हे सगळं आतल्या बोटांच्या चिमटीने कापड कसं चुरगळतं त्यावर. बोटांची लांबी बदलली, मनगटाची सवय बदलली की तोंडाचा आकार बदलतो. घरी बसलेल्या प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी वेगळं आहे हे त्याचा डोळा पकडतो. पातळ हिरव्या हातांना खाली काड्या जोडलेल्या असतात, त्या डाव्या हाताने हलवायच्या. फॉझीचं तंत्र आणखी निराळं. त्याच्या पंजांत खरे हात असतात. एक कलाकार डोकं आणि डावा पंजा सांभाळतो, उजवा पंजा दुसऱ्या माणसाचा. दोघं एकमेकांना चिकटून उभे, हात डोक्यावर ताणलेले, नजर समोरच्या मॉनिटरवर. फॉझी पैशांची पिशवी छातीशी घट्ट धरतो तेव्हा ती दोन वेगवेगळ्या माणसांच्या हातांनी धरलेली असते. अशा दोघांचं जमायला काळ जातो. ‘फॉझी नेहमीसारखा वाटला नाही’ हे वाक्य लिहिणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसेल, तरी निरीक्षण त्याचंच बरोबर असू शकतं. तुझं काम त्याला तारे देण्याचं नाही, त्याच्या वाक्यामागचं कारण शोधून देण्याचं आहे.

याच्या उलट बाजूही लिही. ज्यांनी हेन्सनचा कर्मिट कधी बघितलाच नाही, त्यांच्यासाठी व्हिटमायरचाच कर्मिट खरा. दुधाची तहान ताकावर भागवली असं जुने लोक म्हणतील, पण ज्याने पहिल्यांदा ताकच प्यायलं त्याला सांगणार कोण?

मालकीचाही एक पदर आहे, त्याला दोन ओळी पुरेत. २००२ साली हेन्सन कंपनी ईएम टीव्ही या जर्मन कंपनीच्या ताब्यात होती. पुढच्या वर्षी ती हेन्सन कुटुंबाने परत घेतली आणि २००४मध्ये मपेट डिस्नीकडे गेले. बँकेच्या दारात उभं असलेलं नाटकघर आणि खुद्द बाहुल्यांचीच खरेदी-विक्री, हा योगायोग काही प्रेक्षकांनी टिपलाय. हेतुपुरस्सर होतं असं मात्र ठोकून देऊ नकोस.

तुलना करणाऱ्या मतांबाबत सावध राहा. ‘१९८७चा ‘अ मपेट फॅमिली ख्रिसमस’ बघा, मग हा किती फिका आहे ते कळेल’, हे म्हणणारे खूप. त्यात हेन्सन स्वतः होता, त्यामुळे जुन्या लोकांचा जीव तिथे अडकलेला असणं साहजिक आहे. पण तोही सगळ्यांनी सारखा बघितलेला नाही. गाण्यांच्या हक्कांच्या अडचणीमुळे व्हिडिओवर आणि डीव्हीडीवर त्यातली काही गाणी कापली गेली. टीव्हीवरून टेप करून ठेवलेली प्रत बघत मोठा झालेला माणूस आणि दुकानातून डीव्हीडी आणणारा माणूस एकाच नावाच्या दोन कार्यक्रमांबद्दल बोलतात. हेन्सनच्याच १९७७च्या ‘एमेट ऑटर्स जग-बँड ख्रिसमस’चं आणखी गमतीचं. त्यात सुरुवातीला गोष्ट सांगायला कर्मिट येतो. कर्मिट डिस्नीचा झाला आणि एमेट हेन्सन कंपनीकडेच राहिला, म्हणून काही आवृत्त्यांतून कर्मिटला चक्क वगळलं. पुढे त्याला परत आणलं. ‘त्यात कर्मिट होता’, ‘छे, नव्हता’ अशी भांडणं करणारे दोघंही खरं बोलत असतात. कुठल्याही जुन्या टीव्ही-सिनेमावरचं मत हाताळताना पहिला प्रश्न हा: कुठली प्रत?

तुझ्या कच्च्या मजकुरात सगळ्यात मोलाचं मत शेवटून दुसऱ्या परिच्छेदात कोपऱ्यात पडलंय. कर्मिट जन्मलाच नाही त्या जगाच्या दृश्यात न्यूयॉर्कचे जुळे मनोरे उभे दिसतात, असं एका प्रेक्षकाने लिहिलंय. सिनेमा दाखवला तेव्हा ते मनोरे पडून चौदा महिने झाले होते. ती चूक म्हणायची, जुनं चित्र वापरलं गेलं म्हणायचं, की एका बेडकाच्या असण्या-नसण्याने जग किती बदलतं याचा कुणीतरी केलेला वेडा हिशोब? लोक यावर तावातावाने बोलतात, आणि मला तो वाद कुठल्याही ताऱ्यांपेक्षा वाचनीय वाटतो, कारण तिथे माणसाने पडद्याकडे खरोखर बघितलंय. ‘मस्त आहे’, ‘टुकार आहे’ असं लिहिणाऱ्या शंभर जणांपेक्षा एका दृश्याकडे बोट दाखवणारा एक माणूस धर. लेख तिथूनच सुरू कर.

आपल्याकडचा दुवा जोडायचा मोह तुला झालाय, पण तो ओढूनताणून जोडलाहेस. दिवाळी अंक आणि नाताळचा सिनेमा यांची तुलना काढून टाक, तिचा इथे काही संबंध नाही. द्यायचाच असेल तर रामदास पाध्यांचा दे. य. के. पाध्यांचा अर्धवटराव त्यांनी पुढे चालवला, म्हणजे बाहुलीचा हात वडिलांकडून मुलाकडे गेला. कर्मिटच्या बाबतीत जो प्रश्न अमेरिकेत पडला तो आपल्या रंगमंचावर आधीच पडून गेला होता. फरक असा की शब्दभ्रमकार प्रेक्षकांसमोर बाहुली मांडीवर घेऊन बसतो, त्यामुळे हात बदलला हे सगळ्यांना उघड दिसतं. मपेटवाले कॅमेऱ्याखाली लपलेले असतात, आणि म्हणून प्रेक्षकाला तो बदल फसवणुकीसारखा लागतो. एवढं एक वाक्य लिही आणि पुढे जा. तात्या विंचूवर घसरू नकोस. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि तो तू लिहायला हवासही.

आणि हो, तुझं स्वतःचं मत लेखात कुठेच नाही. दुसऱ्यांच्या मतांवर लिहिणाऱ्याला आपलं मत लपवायची मुभा नसते. माझं विचारशील तर जिथे दिग्दर्शक कर्क थॅचर बाहुल्यांवर विसंबतो तिथे सिनेमा उभा राहतो, आणि जिथे तो त्या वर्षीच्या टीव्हीच्या मागे धावतो तिथे बसतो. जोन क्युसॅक मात्र बेफाम. बाहुल्यांसमोर काम करणाऱ्या माणसांत दोन जाती असतात, एक ‘मी बाहुलीशी बोलतोय बघा’ असं डोळा मारणारे आणि दुसरे खरोखर भांडणारे. ती भांडते. तू याच्या अगदी उलट लिहिलंस तरी चालेल, फक्त दृश्य दाखवून लिही.

प्रेक्षकांची नावं कुठे देऊ नकोस, त्यांची वाक्यं जशीच्या तशी उचलू नकोस, आणि शुद्धलेखन चुकलेल्यांची थट्टा तर मुळीच नको. मनोऱ्यांपासून सुरू होणारी नवी कॉपी पुढच्या गुरुवारपर्यंत पाठव. बाराशे शब्दांच्या वर जाऊ नकोस, पुरवणीवाले कापताना हमखास हातांचाच परिच्छेद कापतील. मथळ्यातलं ‘जादुई दुनिया’ आधी काढ.

तुझा,
काका