अक्कलदाढेवरची हिरडी सारखी सुजते, दाढ काढावीच लागेल का?

प्रश्न: माझं वय २१. खालची उजवीकडची अक्कलदाढ अर्धीच वर आलीये. अधूनमधून तिथली हिरडी सुजते, तोंड धड उघडत नाही, गिळताना कानापर्यंत कळ जाते. दरवेळी मेडिकलमधून जुन्याच अँटिबायोटिकच्या गोळ्या आणतो, बरं वाटतं. दाढ काढायची जाम भीती वाटते. घरच्या घरी काही करता येईल का?

उत्तर: बरं वाटतं ना, तिथेच घोळ होतो. अर्धवट आलेल्या दाढेवर हिरडीचा एक पदर राहतो, त्याच्याखाली अन्नाचे कण जाऊन बसतात, तिथे ब्रश पोचत नाही, मग बॅक्टेरिया वाढून पदर सुजतो आणि सुजला की वरची दाढ चावताना त्याच्यावरच आपटते, म्हणजे दुखणं अजून वाढतं. गोळ्यांनी जोर ओसरतो पण पदर आणि आतली घाण तशीच. म्हणून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेणं आधी बंद करा. डेंटिस्ट पदराखालून धुवून साफ करतात, मेन उपचार तोच. गोळ्या लागतात त्या ताप असेल किंवा सूज पसरत असेल तर.

घरी कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून दिवसातून तीन-चार वेळा चूळ भरा, खाल्ल्यावर तर नक्कीच. ब्रश छोट्या डोक्याचा आणि मऊ घ्या. शेवटच्या दाढेपर्यंत जायचं तर तोंड आ करून उघडू नका, गाल ताणला जातो आणि ब्रश आत शिरतच नाही, अर्धवट मिटून बघा, जागा होते. दुखतं म्हणून ती बाजू घासायचीच सोडतात बरेच जण, मग काय, पुन्हा सूज. आणि हो, दुखऱ्या हिरडीवर ॲस्पिरिन ठेवू नका, हिरडी भाजते.

आता काढायचं. अडकलेली प्रत्येक दाढ काढावीच लागते असं नाही, त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवूनही चालतं. पण तुमची वारंवार सुजतेय, त्यामुळे माझं मत काढण्याकडेच. आधी एक्स-रे होईल, दाढ किती आडवी आहे, खालच्या नसेच्या किती जवळ आहे, पुढची दाढ किडलीये का ते त्यात दिसतं. सूज उतरल्यावर भूल देऊन काढतात, ओढल्यासारखं जाणवतं पण दुखत नाही. तरुण वयात जखमही लवकर भरते. सिगारेट ओढत असाल तर त्या दिवसांत अजिबात नको, जखमेतली रक्ताची गाठ निघून आली की भयंकर ठणकतं.

जबड्याखाली किंवा गळ्याकडे सूज आली, श्वास घ्यायला किंवा थुंकी गिळायला त्रास व्हायला लागला तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.