ट्रकच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकच उतरायलीय, एकच नवीन टाकली तर चालेल का?

नाही, जोडीच बदला. २४ व्होल्टच्या गाडीत १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला एक जोडलेल्या असतात, दोन्हींतून करंट सारखाच जातो, मग जुनी आधी फुल होऊन उकळते अन् नवी अर्धवट चार्ज राहून लवकर मरते. मी जालन्यात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, असल्या गाड्या उन्हाळ्यात तर रोजच्या.

पण आधी खरंच बॅटरीच गेलीय का ते बघा. रात्रभर गाडी उभी ठेवून, मधली वायर काढून दोन्ही वेगवेगळ्या मोजा, १२.६ च्या आसपास म्हणजे फुल, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली, अन् चार्ज करून, वायर परत जोडून सेल्फ मारताना एखादी ९.६ च्या खाली बसली तर तीच गेलेली. गाडी चालू असताना दोन्ही मिळून २८ च्या जवळपास येत नसतील तर अल्टरनेटर बघा. अन् टेप, मोबाईल चार्जर एकाच बॅटरीवरून घेतलाय का? बहुतेक ड्रायव्हर हेच करायलेत, म्हणून एकच उतरते, २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लावा.

जोडी दोन-चार महिन्यांचीच असेल तर त्याच कंपनीची, तेवढ्याच एएचची (क्षमतेची) एक टाकली तरी भागतं, फक्त आधी दोन्ही वेगवेगळ्या फुल चार्ज करून घ्या. काढताना मायनस आधी.