काही जणांना जॅझ ऐकताच चीड का येते?

तुम्ही लिहिलंय की तुमचे बाबा रोज सकाळी भीमसेनजी, किशोरीताई ऐकतात, पण तुम्ही जॅझ लावलं की पाच मिनिटांत "बंद कर ते" म्हणून उठून जातात. इतका तयार कान असलेल्या माणसाला हे संगीत इतकं का खुपावं, असा तुमचा प्रश्न आहे. मला वाटतं, कान तयार आहे म्हणूनच खुपतं.

मी नागपुरात गाणं शिकवते. बरीच वर्षं मीही जॅझ लागलं की खोलीतून निघून जायचे. नुसतं आवडत नव्हतं असं नाही, अंगावर यायचं. त्यामागचं कारण मला पेटीवर सापडलं, म्हणून आधी पेटीचंच सांगते.

घरात पेटी असेल तर मधल्या सप्तकातली पांढरी तीन, म्हणजे तिसरी पांढरी पट्टी, दाबून धरा. आता शेजारी कुणाला तरी बसवा आणि खालच्या सप्तकातली पांढरी एक दाबायला सांगा. तुमचा सूर झाला गंधार. तुमचं बोट तसंच राहू द्या, आणि खाली पांढरी एक सोडून पांढरी सहा घ्यायला सांगा. तोच सूर आता पंचम वाटतो. खाली पांढरी चार आली की तो निषाद होतो, पांढरी दोन आली की रिषभ. तुमचं बोट जागचं हललं नाही, पण त्या सुराची चार वेगळी नाती झाली.

जॅझमध्ये हेच सारखं चाललेलं असतं. खालचे एकत्र वाजणारे सूर, म्हणजे कॉर्ड, दर चार मात्रांना बदलतात, कधी दोनच मात्रांना. आणि आपल्याला तर पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं की तानपुरा लागला, सा ठरला, आता मैफल उठेपर्यंत तो हलणार नाही. रागाचा प्रत्येक सूर आपण त्या एका सा च्या आधारानं ओळखतो. बाबांचा कान बसल्या बसल्या सा शोधतो, त्याला धरतो, आणि पुढच्या क्षणी खालचा पाट कुणीतरी ओढून घेतो. पुन्हा बसावं तर पुन्हा ओढतो. ज्याला सा ची सवय नाही, त्याला याचं फारसं काही वाटत नाही. ज्याला आहे, त्याला पाचव्या मिनिटाला राग येणारच.

माझ्या भाच्यानं मला पहिल्यांदा ऐकवली ती सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांची 'जायंट स्टेप्स', १९५९ सालचं ध्वनिमुद्रण. तो गिटार वाजवतो, त्याचा या माणसावर फार जीव. पण या रचनेत सा एक नाही, तीन आहेत: पांढरी सात, पांढरी पाच आणि काळी दोन. सोळा बारांत (एक बार म्हणजे चार मात्रा) या तिन्ही घरांमधून ये-जा चालते, तीही भयंकर द्रुत लयीत. त्यात पियानोवर टॉमी फ्लॅनगन आहेत, अतिशय कसलेले वादक, आणि त्यांचीसुद्धा एकल वादनाची पाळी येते तेव्हा बोटं अडखळताना ऐकू येतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हे ऐकवणं म्हणजे पोहायला न येणाऱ्याला अंबाझरी तलावाच्या मधोमध सोडण्यासारखं आहे.

लयीचंही थोडं सांगते. आपला ठेका बोलका असतो, तबलजी काल (तालातली टाळीविना मोकळी जागा) कुठे आहे आणि सम (पहिली मात्रा) कुठे ते सांगत जातो. जॅझचा ड्रमर पायानं मिटायची झांज दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वाजवतो, पहिली मात्रा बऱ्याचदा ठळक करतच नाही. समेवर टाळी द्यायला शिकलेला हात तिथे चुकतो.

पण माझ्या मते खरी अडचण मुखड्याची, म्हणजे बंदिशीच्या परत परत येणाऱ्या पहिल्या ओळीची आहे. "अरे, ते आपल्यासारखंच आहे, त्यातही उपज असते," म्हणजे ऐन वेळी सुचेल तसं वाजवणं असतं, असं जॅझवाले आपल्याला सांगतात. ते अर्धंच खरं आहे, आणि त्यानंच घोटाळा होतो. आपल्याकडे आलाप-ताना कितीही दूर गेल्या तरी मुखडा धरून समेवर येतात, दर काही आवर्तनांनी (तालाच्या फेऱ्यांनी) बंदिश पुन्हा भेटते. जॅझमध्ये चाल सुरुवातीला एकदा-दोनदा वाजते आणि मग थेट शेवटी येते. मधली पाच, दहा, पंधरा मिनिटं ती चाल वादकांच्या डोक्यात फिरत असते. प्रत्येकाला आपण कुठल्या ओळीवर आहोत ते पक्कं ठाऊक असतं, फक्त ऐकणाऱ्याला कुणी सांगत नाही. माझी आई अमरावतीकडची. ती एकदा मधूनच म्हणाली, "मुखडा कुठी गेला? घरी कवा येतेत हे पोट्टे?" याहून नेमकी तक्रार मी आजवर ऐकलेली नाही.

काही जण सगळा दोष सॅक्सोफोन-ट्रम्पेटच्या आवाजाला देतात. ते मला पटत नाही. कद्री गोपालनाथ यांनी त्याच सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत वाजवलं आणि रसिकांनी ते डोक्यावर घेतलं. सी. रामचंद्र लहानपणी इथे नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकले, आणि पुढे त्यांच्या वाद्यवृंदात मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक आले. १९५१च्या 'अलबेला'त ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. त्या गाण्यांवर आमच्या घरातली सगळी पिढी नाचली, कारण तिथे ट्रम्पेट कितीही उडाला तरी ध्रुवपद परत येतं.

आणि हे फक्त आपलंच नाही. अमेरिकेतही १९३०च्या दशकात जॅझ म्हणजे नाचायचं संगीत होतं. १९४०च्या दशकाच्या मध्याला चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी या वादकांनी ते इतकं वेगवान आणि गुंतागुंतीचं केलं की नाचणारे पाय थांबले, बरेच श्रोतेही दुरावले. त्याआधीची जॅझवरची बरीचशी टीका तर काळ्या लोकांविषयीच्या तिरस्कारातून आलेली होती. तिचा सुराशी संबंध नव्हता आणि बाबांच्या चिडीशीही नाही.

माझ्यापुरतं हे सुटलं ते एका मे महिन्यात. रात्री साडेनऊ-दहाची वेळ, भिंती अजून तापलेल्या, कूलर फुल्ल. भाच्यानं बॅटरीवरच्या छोट्या स्पीकरवर ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांची 'सो व्हॉट' लावली होती, तीही १९५९चीच. मला काय ऐकू येत होतं? थोडी शांतता, मग दोन कॉर्ड. पुन्हा शांतता, पुन्हा तेच दोन कॉर्ड. मी म्हटलं, यात काय आहे रे? तेवढ्यात लाइट गेली. कूलर घरघरत थांबला, खसच्या पडदीतून टाकीत ठिबकणारं पाणी ऐकू यायला लागलं. तो म्हणाला, "मावशी, पहिल्यापासून ऐक."

या वेळी खालून डबल बास, ते उभं धरायचं मोठं खर्जाचं तंतुवाद्य, बोललं. या रचनेची चालच बासवर आहे! बास एक वाक्य म्हणतो आणि ते दोन कॉर्ड त्याला उत्तर देतात. कूलरच्या आवाजात मी नुसतीच उत्तरं ऐकत बसले होते. बासचा सगळ्यात खालचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो, कूलर त्याला गिळतो, आणि मोबाइलच्या स्पीकरमधून तर तो जवळजवळ बाहेरच पडत नाही. तानपुरा आणि डग्गा काढून घेतलेली मैफल कशी लागेल, तसं ते.

मग मी अंधारात बोटांवर सोळा मात्रांचा तीनताल मोजला. पहिली चार आवर्तनं सा पांढरी दोन, आणि सूर चक्क काफी थाटाचे, म्हणजे गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. मग सगळं अर्ध्या सुरानं वर, काळी दोनवर, तिथेही काफीच, दोन आवर्तनं. मग दोन आवर्तनं पुन्हा पांढरी दोन. हे आठ आवर्तनांचं चक्र शेवटपर्यंत फिरतं, वाजवणारा कुणीही असो. तिसऱ्या चक्रात मी "आता वर", "आता खाली" असं मोठ्यानं म्हणायला लागले आणि ते तसंच होत गेलं. अंगावर काटा आला. मला ते सगळे जण कुठे आहेत ते कळत होतं.

तरी मला सगळं जॅझ आवडतं असं नाही. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांचं १९६० सालचं सदतीस मिनिटांचं 'फ्री जॅझ', दोन चौकड्या एकाच वेळी वाजवतात ते, मी दोनदा लावलं आणि दोनदा अर्ध्यात बंद केलं. तुमच्या बाबांना पुढेही आवडलं नाही, तर तो त्यांचा पूर्ण हक्क आहे. फक्त "तुम्हाला कळत नाही" असं त्यांना म्हणू नका. त्यांना सा कळतो, म्हणूनच तो हललेला कळतो. एकदा पंखा-कूलर बंद करून, बरा स्पीकर किंवा हेडफोन लावून 'सो व्हॉट' ऐकवा, आणि आधी एवढंच सांगा: चाल खाली बासवर आहे, चार आवर्तनांनी सा सरकेल, दोन आवर्तनांनी परत येईल.

आईला मी असंच ऐकवलं. नऊ मिनिटं मांडीवर बोटं मोजत बसली. शेवटी बासची चाल परत आली तशी मान डोलवली आणि म्हणाली, "आला बाप्पा एकदाचा घरी." मग म्हणाली, आता कूलर लाव.