कॅबर्ने ठेवावी की उघडावी? वाचकांचे प्रश्न

प्रश्न (सांगली, विश्रामबाग): नाशिकची कॅबर्ने सॉव्हिन्यों (त्याच नावाच्या काळ्या द्राक्षाची लाल वाइन) घेतली, बाटलीवर 2022 साल आहे. दुकानदार म्हणतो, जितकी जुनी तितकी चांगली. अजून पाच वर्षं ठेवू का?

नका ठेवू. हजार रुपयांच्या आसपासची बहुतेक कॅबर्ने आणली की प्यावी अशाच बेताने बनवलेली असते. सालापासून चार-पाच वर्षांत संपवलेली बरी. पुढे फळाचा वास ओसरतो आणि त्या जागी नवं काही येत नाही. ‘जुनी ती चांगली’ हे जगातल्या मोजक्याच बाटल्यांना लागू आहे. तुमच्या दुकानदाराच्या फळीवर त्यातली एखादी असेल, असं मला वाटत नाही.

प्रश्न (सातारा): मुलाने फ्रान्सहून पोयाक गावची 2016 ची बोर्दो (तिथल्या बोर्दो भागातली लाल वाइन) आणली. नात पाच वर्षांची आहे. तिच्या लग्नापर्यंत टिकेल?

बाटली टिकेल अशी आहे, प्रश्न तुमच्या घराचा आहे. पोयाक हे कॅबर्नेचं माहेरघर. लाफीत, मूताँ आणि लातूर (आपलं नव्हे) ही नावाजलेली घराणी तिथलीच, आणि 2016 हे तिथलं उत्तम साल. लेबलावर 1855 च्या वर्गवारीचा (बोर्दोच्या नामांकित घराण्यांची तेव्हा ठरवलेली प्रतवारी) उल्लेख असेल तर सालापासून वीस-तीस वर्षं सहज, नसेल तर दहा-पंधरा धरा.

या काळात तोंड आवळणारं टॅनिन एकमेकांना आणि रंगद्रव्यांना जोडलं जातं. तुरटपणा मवाळ होतो, ताज्या फळाच्या जागी देवदार, तंबाखू, चामडं असे वास येतात. पण त्यासाठी 12 ते 14 अंशांचं स्थिर तापमान हवं. एप्रिल-मे महिन्यात माळ्यावर ठेवलेली वाइन मुरत नाही, शिजते. आतला द्रव फुगून बूच वर सरकतं. साधा फ्रिज काही महिन्यांपुरता ठीक, पुढे तिथल्या कोरड्या हवेने बूच सुकतं. वाइनचा वेगळा फ्रिज घेणार नसाल तर लग्नाची वाट पाहू नका, येत्या दिवाळीत मोठ्यांनी उघडा. तासभर आधी रुंद भांड्यात ओतून ठेवा.

प्रश्न (तासगाव): आमची थॉमसन आणि सोनाकाची बाग. चांगला बेदाणा टिकतो, मग याच द्राक्षांची वाइन वर्षानुवर्षं का टिकू नये?

बेदाणा टिकतो तो पाणी उडून साखर दाट झाल्यामुळे. लाल वाइनला टॅनिन आणि आंबटपणाचा आधार लागतो. टॅनिन येतं सालीतून आणि बियांतून. तुमच्या द्राक्षाला बी नाही, साल पातळ आणि तीही पांढऱ्या जातीची. वर जीए (जिबरेलिक आम्ल, वाढीचं संजीवक) देऊन आपण मणी फुगवतो, म्हणजे रस वाढला, त्या मानाने साल घटली. कॅबर्नेचा मणी बारका, जाड सालीचा, बियांचा. रस सालीसकट आंबवतात, कधी दोन-तीन आठवडे सालीवरच ठेवतात. खायला ते द्राक्ष तुम्ही हातात धरणार नाही. तुमच्या मालाची हलकी पांढरी वाइन होईल, पण ती वर्षभरात पिऊन टाकायची.

प्रश्न (पाचगणी): आमच्याकडे गारवा असतो. कपाटात चालेल?

दोन-तीन वर्षं चालेल. उन्हाची भिंत नसलेली खोली निवडा. बुचाची बाटली आडवी ठेवा, फिरकीच्या झाकणाची उभी चालते. पावसाळ्यात लेबलाला बुरशी येईल, आतल्या वाइनला काही होत नाही.

प्रश्न (मिरज): जुन्या बाटलीच्या तळाशी गाळ दिसतो. फेकून देऊ?

अजिबात नको. एक दिवस उभी ठेवा, हलक्या हाताने ओता, शेवटचे दोन घोट बाटलीतच राहू द्या.