दुःखात भजनाला जावे का?

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी माझे यजमान गेले. पूर्वी दर एकादशीला मी भजनी मंडळात टाळ धरत असे. आता गेले तर लोक नावे ठेवतील, असे सासूबाई म्हणतात. तिथे मन रमले तर मलाही अपराधी वाटेल. काय करावे?

उत्तर : ताई, अवश्य जा. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला, व्यापार बुडाला. त्यानंतर त्यांनी देहूच्या विठ्ठलमंदिराची दुरुस्ती केली आणि आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. शोक त्यांनी अभंगांत लपवला नाही आणि कीर्तनातला आनंदही चोरून घेतला नाही. गेलेले माणूस श्रद्धेने परत येत नाही (तसे आश्वासन देणाऱ्या बुवांपासून चार हात लांबच राहावे), पण धृपद सगळ्यांनी मिळून उचलले की आपला दाटलेला गळा त्यात सामावून जातो आणि थांबलो तरी अभंग थांबत नाही. सासूबाईंनी तर मुलगा गमावला आहे. त्यांनाही सोबत न्या. पहिल्या दिवशी टाळ हाती धरवला नाही, तर नुसते बसून ऐका. मात्र झोप आणि भूक अजूनही उडालेली असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास संकोच करू नका.