झेंडा घेता येतो, टिकत का नाही? वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी ऑनलाइन युद्धखेळांवरचे प्रश्न निवडले आहेत. बहुतेकांची तक्रार एकच: निशाणा चांगला आहे, किलही (मारलेले शत्रू) पडतात, पण जागा हाती राहत नाही.

प्रश्न: कॉल ऑफ ड्यूटीच्या डॉमिनेशनमध्ये आमचे किल जवळपास दरवेळी जास्त असतात, तरी सामना हरतो. तिन्ही झेंडे घेतले की सगळं उलटतं. असं का?

डॉमिनेशनमध्ये तीन झेंडे असतात, दोन्ही टीमच्या घरचा एकेक आणि एक मधला, आणि किलला गुणच नाहीत. ताब्यातला प्रत्येक झेंडा दर 5 सेकंदांनी 1 गुण देतो आणि सामना 200 गुणांचा असतो. दोन झेंडे मिनिटभर राखले तर तुमचे 24 आणि त्यांचे 12 गुण होतात. जिंकायला तेवढं पुरतं. तिसऱ्या झेंड्याचा हव्यासच तुम्हाला नडतोय.

शत्रूला कुठे स्पॉन द्यायचा, म्हणजे मेल्यावर पुन्हा कुठे उगवू द्यायचं, हे गेम झेंडे कोणाकडे आहेत आणि कोण कुठे उभं आहे यावरून ठरवतो. शत्रूच्या घरचा झेंडा त्याच्याकडे असेतो तो बहुधा तिथूनच निघतो, आणि तुम्ही त्याच्या दोन-तीन वाटांवर बंदुका रोखून बसू शकता. तोही हिसकावला की शत्रू नकाशाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे तुमच्याच घरच्या झेंड्यापाशी उगवतो. तोवर तुमचे सहाही जण पुढे पोचलेले असतात आणि मागे राखण करायला कोणी उरलेलं नसतं.

तेव्हा घरचा आणि मधला असे दोन झेंडे घ्या. एक जण घरच्या झेंड्याच्या मागे ठेवा. तो तिथे असला की तुमचा स्पॉन सहसा हलत नाही. बाकीच्यांनी मधल्या झेंड्याच्या थोडं पलीकडे जाऊन थांबायचं, शत्रूच्या झेंड्यावर चढायचं नाही. सगळ्यात कठीण असतं ते हे थांबणं, कारण समोर झेंडा दिसत असतो आणि पाय शिवशिवतात.

बॅटलफिल्डच्या कॉन्क्वेस्टमध्ये पाच झेंडे असतील तर हाच हिशेब तीनचा होतो. ते तीन शेजारशेजारचे असावेत. एका टोकाचा, मधला आणि दुसऱ्या टोकाचा असे घेतले तर स्क्वॉडचा अर्धा वेळ धावण्यात जातो. या मालिकेतल्या ज्या गेममध्ये तिकिटं (टीमच्या पुन्हा उगवण्याचा साठा) उतरत जातात, तिथे मेडिकने उठवलेल्या गड्याचं तिकीट वाचतं, हेही विसरू नका.

प्रश्न: हेल लेट लूजमध्ये हल्ला आमच्याकडे असला की सगळे त्याच रस्त्यावर मरत राहतात. स्मोक (धुराचा ग्रेनेड) टाकूनही उपयोग होत नाही. नेमकं काय चुकतंय?

चूक रस्त्यावर होत नाही, त्याआधी दहा मिनिटं झालेली असते. तुम्ही कुठून उगवताय ते आधी बघा. गॅरिसन (टीमने उभारलेली स्पॉनची जागा) एकच असेल, तर 50 जणांना एकाच बाजूने यावं लागतं आणि बचाव करणाऱ्याला एक मशीनगन पुरते. आपल्या हद्दीत गॅरिसनला 50 सप्लाय (बांधणीचं सामान) लागतात आणि दोन गॅरिसनमध्ये किमान 200 मीटर अंतर हवं. सपोर्टच्या भूमिकेतल्या गड्याच्या एका पेटीत नेमके 50 सप्लाय असतात. म्हणजे एक ऑफिसर आणि एक सपोर्ट, एवढी जोडी लढाईत न पडता कुंपणाच्या आडून वळसा घालून गेली की नवी बाजू उघडते. हे काम कंटाळवाणं आहे, वाटेत एकही किल मिळत नाही, म्हणून कोणी करत नाही. सामने मात्र इथेच जिंकले जातात.

गॅरिसन लक्ष्याच्या फार जवळ नको. शत्रू आसपास आला की ते बंद पडतं, आणि सापडलं की तो मोडून टाकतो. मुख्य वाटेवरच्या घरात, कोठारात, एकट्या झाडाखाली ठेवू नका, कारण शोधणारा तिथेच आधी बघतो. झुडपांच्या रांगेत ठेवा, तेही रांगेच्या टोकाला नको.

दुसरी गोष्ट एकत्र निघण्याची. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याने मांडलेला वर्गनियम इथे चपखल बसतो. दूरवर मारा करणाऱ्या हत्यारांच्या लढाईत बळ संख्येच्या वर्गाने मोजायचं. चार विरुद्ध चार, सगळे तोडीस तोड, म्हणजे बरोबरी. पण हल्ला करणारे चौघं दोन-दोन करून आले तर? पहिल्या जोडीनंतर बचावाचे √(16 − 4), म्हणजे साधारण 3.5 उरतात. दुसऱ्या जोडीनंतर √(12 − 4), म्हणजे 2.8. तुमचे चारही गेले आणि त्यांचा जेमतेम एक. खऱ्या सामन्यात आडोसा असतो, नशीब असतं, आकडे इतके नेटके येत नाहीत. पण एकेकटं धावत सुटण्याची किंमत यावरून कळते. स्पॉन झाल्यावर दहा-वीस सेकंद आडोशाला थांबा. पाच-सहा जण जमले की निघा.

आता स्मोक. तुम्ही तो स्वतःच्या पायाशी टाकत असाल तर शत्रूला दोन गोष्टी कळतात: तुम्ही कुठून येणार आणि कधी. तो डोळे मिटून धुरात गोळ्या घालतो. स्मोक शत्रूच्या डोळ्यासमोर पडला पाहिजे, म्हणजे मशीनगनच्या खिडकीपाशी. आंधळा तो झाला पाहिजे, तुम्ही नाही. एक खोटा स्मोक ज्या बाजूने जायचं नाही तिकडेही टाका. धूर पूर्ण पसरायला काही सेकंद लागतात. टाकल्या टाकल्या पळणारे त्या काही सेकंदांतच मरतात.

प्रश्न: बचाव करताना उभं कुठे राहायचं? वर्तुळात (ताबा मोजला जातो त्या जागेत) राहिलो तर ग्रेनेडने मरतो, बाहेर गेलो तर जागा जाते.

मोजदादीला लागतील तेवढेच आत ठेवा, बाकी सगळे बाहेर. वर्तुळ नकाशावर शत्रूलाही दिसतं, त्यामुळे त्याचे ग्रेनेड, रॉकेट आणि तोफा तिथेच पडणार. बाहेरच्यांनी शत्रू आत शिरतो त्या दारांवर तिरप्या बाजूंनी नेम धरायचा. दोघं साधारण काटकोनात बसले की एकाकडे तोंड केलेल्या शत्रूची कूस दुसऱ्याला मिळते. दोघं एकाच खिडकीत बसले तर एका ग्रेनेडचं काम.

खिडकीला चिकटू नका. दोन पावलं मागे, खोलीच्या अंधारात उभं राहिलं की बंदुकीची नळी बाहेर दिसत नाही आणि बाहेरून फक्त समोरच्या सरळ रेषेतलाच शत्रू तुम्हाला बघू शकतो. एक शत्रू पडला की जागा बदला. पडलेल्याने तुमची जागा आत्तापर्यंत सगळ्यांना सांगितलेली असते.

रेनबो सिक्स सीजबद्दल तिघांनी विचारलंय, म्हणून थोडं वेगळं. तिथे संपूर्ण टीमला मिळून 10 भिंती मजबूत करता येतात. नवशिके त्यातल्या दोन हमखास दोन बॉम्बसाइटच्या (बॉम्ब असलेल्या खोल्यांच्या) मधल्या भिंतीवर घालवतात. ती भिंत उघडीच हवी. तिच्यात माणूस जाईल एवढं भोक पाडा. नाहीतर एका साइटवर हल्ला झाला की दुसरीकडचे लोक लांबच्या दारातून, नेमके शत्रूच्या नेमावर येतात. डिफ्यूझर (बॉम्ब निकामी करणारं यंत्र) लावायला हल्लेखोराला 7 सेकंद लागतात. दोन्ही खोल्यांमध्ये ये-जा असेल तर तेवढा वेळ पुरतो.

प्रश्न: हार्डपॉइंटमध्ये पुढच्या जागेकडे कधी निघायचं?

हार्डपॉइंटमध्ये ताब्यात ठेवायची जागा दर 60 सेकंदांनी बदलते, क्रम बहुधा ठरलेला असतो. 20 सेकंद उरले की दोघांनी निघायचं, 10 उरले की तिसऱ्याने. एकाने शेवटपर्यंत आत राहायचं. आत एक असो वा चार, सेकंदाला 1 गुणच मिळतो, त्यामुळे चौघांनी तिथे गर्दी करण्यात अर्थ नाही. शत्रू आत असेल आणि हाकलायला वेळ उरला नसेल तर उरलेले गुण सोडून द्या. पुढची 60 सेकंदं जास्त मोलाची.

प्रश्न: काउंटर-स्ट्राइकमध्ये बॉम्ब लागल्यावर साइट (बॉम्ब लावायची जागा) परत घ्यायला जायचं की पुढच्या फेरीसाठी बंदुका वाचवायच्या, हे कसं ठरवायचं?

घड्याळावरून आणि किटवरून (बॉम्ब लवकर निकामी करायचं साधन). स्पर्धात्मक सामन्यात बॉम्ब 40 सेकंदांत फुटतो. निकामी करायला किटसह 5 आणि किटशिवाय 10 सेकंद लागतात. हात मध्येच काढला तर पुन्हा शून्यापासून. गेममधल्या 400 डॉलरचं किट म्हणजे ऐन वेळी विकत घेतलेली 5 सेकंदं. निदान दोघांकडे तरी ते असावं. एकाकडेच असेल तर नेमका तोच आधी मरतो. किट जिथे पडतं तिथून उचलता येतं, म्हणून कुठे पडलं ते मरणाऱ्याने लगेच सांगायचं.

साधारण असा हिशेब ठेवा. पहिले 12-15 सेकंद जमायला, तेही शक्यतो दोन वेगळ्या दारांशी. मग फ्लॅश (डोळे दिपवणारा ग्रेनेड), स्मोक आणि दोन्हीकडून एकाच वेळी प्रवेश. 10 सेकंद उरेपर्यंत कोपरे साफ झालेले हवेत. किट नाही आणि घड्याळ 15 च्या खाली आहे, आत दोन शत्रू जिवंत आहेत, तर मागे फिरा. 4750 डॉलरची एडब्ल्यूपी स्नायपर रायफल हातात असताना तर नक्कीच. आणि वाचवायचं ठरलं तर खरंच लांब जा. साइटच्या दारात बसून वाचवणारे स्फोटातच जातात.

निकामी करायला सुरुवात झाल्याचा आवाज शत्रूला ऐकू येतो. म्हणून एकाने बटण दाबून लगेच सोडायचं, दुसऱ्याने शत्रू डोकावेल त्या कोपऱ्यावर नेम ठेवायचा. दुसऱ्यांदा तोच डाव चालत नाही, तेव्हा बॉम्बवर स्मोक टाकून खरंच चिकटून राहा. बॉम्बवर आग फेकली गेली तर तीही स्मोकने विझते.

हल्लेखोरांसाठी एक ओळ: बॉम्ब लावताना नंतर तुम्ही जिथून पहारा देणार तिथून तो दिसेल असा लावा. पेट्यांमागे लपवलेला बॉम्ब निकामी करणाऱ्यालाही लपवतो.

प्रश्न: अनोळखी लोकांबरोबर, माइकशिवाय खेळताना काय करता येईल?

पिंग, म्हणजे नकाशावर खूण. पण शत्रू दिसला म्हणून नव्हे, तुम्ही जिथे जाणार आहात तिथे. गड्याने बघितलं की निघा. माइक असेल तर "मागे आहे, मागे!" असं ओरडू नका, कारण तुमचं मागे आणि त्याचं मागे वेगळं असतं. जागा, संख्या, जखमी की ताजा: "चर्चची मागची भिंत, दोघं, एक अर्धा", बस. मेल्यावर ही तीन गोष्टींची ओळ सांगून माइक बंद करा. जिवंत गड्याला पावलांचे आवाज ऐकायचे असतात.